गुर्येच्या पाच दिवसांच्या बाजारातून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात मी दक्षिण कोरियातील माझ्या खेड्याविषयी लिहिले होते. लग्नानंतर नऊ वर्षांपूर्वी मी वाईजवळच्या माहेराहून येथे आले. देशाच्या नैर्ऋत्येस, दक्षिण जोल्ला प्रांतात, जिरीसान पर्वताच्या पायथ्याशी गुर्ये नावाचा जेमतेम पंचवीसएक हजार वस्तीचा जिल्हा आहे, आणि तेथे सासरची पर्सिमन या गोड नारिंगी फळाची बाग आहे. त्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये आईला घेऊन कोरियाला येत आहे. आईचे वय ६८ आहे. सोल पाहून झाल्यावर दोन दिवस खेड्यात घालवावेत, अशी तिची इच्छा आहे. पण आम्हा दोघींनाही भाषा येत नाही आणि गाडी चालवणेही जमणार नाही. हे शक्य आहे का? (एक वाचक, चिपळूण)

शक्य आहे, आणि आपल्या आईंना सोलपेक्षा हा भागच अधिक आवडेल असे मला मनापासून वाटते. मात्र दिवस ठरवण्यापूर्वी बाजाराची तारीख पाहा. आपल्याकडे आठवडी बाजार वारावर भरतो; येथील ग्रामीण बाजार दर पाच दिवसांनी, तारखेच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे भरतो आणि त्याला ओइलजांग म्हणतात. गुर्येचा बाजार ३ आणि ८ चा, म्हणजे महिन्याच्या ३, ८, १३, १८, २३ आणि २८ तारखांना असतो. शेजारच्या नामवॉनचा ४ आणि ९ चा, तर सोमजिन नदीच्या काठाने खाली असलेल्या हादोंगचा २ आणि ७ चा असतो. एरवी ज्या खेड्यात दुपारी कुत्रेही भुंकत नाही, त्या खेड्यातल्या सगळ्या आज्या बाजाराच्या सकाळी थांब्यावर हजर असतात. कोणाच्या हाती चार चाकांची ढकलगाडी, कोणाच्या पिशवीत पहाटे खुडलेली भाजी. बाजारात जिरीसानच्या जंगलातील औषधी मुळ्या, वाळवलेली रानभाजी, रोपे, फुलाफुलांच्या कापडाच्या सैल तुमानी, आणि लोहाराने ठोकलेली होमी मिळते. होमी म्हणजे येथील खुरपे. आपल्या खुरप्याहून तिचे पाते टोकाला अधिक निमुळते आणि आत वळलेले असते, त्यामुळे लसणाच्या वाफ्यातील तण काढताना मनगटाला ताण पडत नाही. मी पहिल्या वर्षी घेतलेली होमी अजून वापरते. लाह्या फोडणाऱ्याच्या लोखंडी नळकांड्याजवळ मात्र आईंना फार जवळ उभे करू नका. तो ओरडून सूचना देतो, पण ती कळली नाही तर स्फोटाच्या आवाजाने दचकायला होते.

सोलच्या नाम्बू बस स्थानकातून गुर्येला थेट बस येते आणि साधारण सव्वातीन तास लागतात. रेल्वेनेही येता येते. मात्र गुर्येगू हे स्थानक नावाने गुर्येचे असले तरी प्रत्यक्षात शेजारच्या सुनचॉन शहराच्या हद्दीत, नदीच्या पलीकडे आहे. ‘गू’ म्हणजे तोंड, प्रवेशद्वार. तेथून गावात यायला पुन्हा बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. फोनवर कोरियन नकाशा, म्हणजे नेव्हर किंवा काकाओ, अवश्य ठेवा, कारण खेड्यातील बसचा मार्ग त्यांवर अधिक नेमका दिसतो. तरीही थांब्यावर चिकटवलेले वेळापत्रक हेच खरे मानावे. अनेक वाड्यांना दिवसातून तीन-चारच बस असतात, आणि शेवटची बस अंधार पडण्याआधीच निघून जाते. माझ्या पहिल्या शरदात मी अशीच शेवटची बस चुकवली आणि दोन्ही बाजूंच्या कापलेल्या भातखाचरांमधून एकटी चालू लागले. दोन किलोमीटर गेल्यावर एका शेतकऱ्याचा निळा एक टनी ट्रक थांबला. त्याने काही न विचारता मागे ठेवलेली कांद्याची पोती सरकवून माझी पिशवी चढवली आणि मला आमच्या अंगणाशी आणून सोडले. घर कोणते, हेही त्याला सांगावे लागले नाही. आपण मात्र अशा योगावर विसंबू नका. स्थानकाबाहेर टॅक्सी असतात. जाण्याचे ठिकाण कोरियन अक्षरांत लिहून दाखवले की पुरते.

दोन दिवसांत काय पाहावे? ह्वाओमसा हे मठमंदिर तर पाहालच. मे २०२३ पासून तेथे प्रवेशशुल्क नाही, आणि काखवांगजोन हे तेथील भव्य लाकडी सभागृह १७०२ मध्ये पुन्हा उभारलेले आहे. सानसुयू या झाडाची पिवळी फुले मार्चच्या उत्तरार्धातच संपतात, पण एप्रिलच्या आरंभी आलात तर सोमजिन नदीकाठची चेरी फुललेली असेल. माझा आग्रह मात्र दुसऱ्या दोन जागांसाठी आहे.

पहिली जागा म्हणजे तोजी भागातील उन्जोरू हा १७७६ चा वाडा. तेथे लाकडाच्या ओंडक्यात कोरलेली तांदळाची एक कोठी आहे आणि तिच्या खालच्या झडपेवर चार चिनी अक्षरे आहेत : ताइन-नुंगहे, म्हणजे ‘परक्यानेही उघडावे’. ज्याच्या घरी चूल पेटली नाही, त्याने येऊन झडप फिरवावी आणि तांदूळ न्यावेत, अशी ती सोय होती. कोठी अशा ठिकाणी ठेवली होती की घेणाऱ्याला मालकाचे तोंड पाहावे लागू नये. वाड्याची धुराडीही मुद्दाम ठेंगणी बांधली आहेत, कारण उपाशी माणसाला दुरून या घरचा स्वयंपाकाचा धूर दिसू नये. मी येथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आधी त्या कोठीपुढे नेते.

दुसरी जागा सासोंगाम. ओसान या ५३१ मीटर उंचीच्या डोंगरावर, कड्याला चिकटून बांधलेले हे छोटे मंदिर आहे. पायथ्यापासून लहान बस वर जाते, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. वरून नदीचे वळण आणि सारी खाचरे दिसतात. ८ ऑगस्ट २०२० रोजी याच नदीला पूर येऊन तिच्या उपनदीचा बांध फुटला, बाजारासह गुर्येचा मोठा भाग बुडाला, आणि गोठ्यांतून सुटलेल्या दहाएक गाई चढ चढून थेट या मंदिराच्या आवारात येऊन उभ्या राहिल्या. काही गाई पाण्याबरोबर तरंगत घरांच्या छपरांवर जाऊन अडकल्या होत्या आणि त्यांना नंतर यारीने उतरवावे लागले. २०२१ च्या जुलैमधील वाशिष्ठीचे पाणी ज्यांनी घरात पाहिले आहे, त्या चिपळूणकरांना त्या बाजारातील दुकानदारांशी बोलायला भाषेची फारशी गरज पडणार नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलाला कोरियातील शेतावर काम देतो, असे एक दलाल सांगतो. साडेआठ लाख रुपये मागतो. पर्यटक व्हिसावर जायचे आणि तेथे गेल्यावर तो बदलून मिळेल, असे त्याचे म्हणणे आहे. आपण तेथेच राहता, म्हणून विचारतो. (एक वाचक, जिल्हा सांगली)

दादा, पैसे देऊ नका. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

कोरियात परदेशी मजूर २००४ पासून मुख्यतः रोजगार परवाना पद्धतीने येतात. ही पद्धत सरकारा-सरकारांतील कराराची आहे; नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड असे देश तिच्यात आहेत आणि भारत त्यांत नाही. आमच्या भागातील प्लॅस्टिकच्या हरितगृहांत काकडी आणि स्ट्रॉबेरी खुडणारी नेपाळी मुले भाषेची परीक्षा देऊन, सरकारी यादीत नाव लागल्यावर येथे आलेली आहेत. याखेरीज हंगामी शेतमजुरांसाठी वेगळा व्हिसा आहे. तो येथील जिल्हा प्रशासनाने परदेशातील स्थानिक प्रशासनाशी केलेल्या करारातून मिळतो, किंवा येथे लग्न करून आलेल्या स्त्रियांच्या जवळच्या नातेवाइकांना, तोही जिल्हा प्रशासनामार्फतच. यांपैकी कोणत्याही वाटेत खाजगी दलालाला जागा नाही.

पर्यटक व्हिसावर येऊन काम करणे हा येथे गुन्हा आहे. पकडले गेल्यास देशाबाहेर काढतात आणि पुढे काही वर्षे प्रवेश बंद होतो. पण मला त्याहून अधिक भय पकडले न जाण्याचे वाटते. कागदपत्रे नसलेल्या मुलाला मजुरी बुडाली तर तक्रार करण्याची भीती वाटते, आणि हात यंत्रात सापडला तरी तो दवाखान्यात जायला धजत नाही. असा एक मुलगा मी पाहिला आहे. भारतीय नव्हता, पण वयाने आपल्या मुलाएवढाच असेल. हरितगृहामागच्या पत्र्याच्या पेटीत तो दोन हिवाळे राहिला. त्याचे पारपत्र मालकाने काढून घेतले होते, आणि तसे करणेही येथे कायद्याविरुद्ध आहे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याची सरकारी नोंदणी लागते आणि ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दलालाकडे नोंदणी क्रमांक मागा; बहुधा तेथेच विषय संपेल. व्हिसाबद्दल मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे, तेथे लेखी विचारा. मुलाने पदवी किंवा एखादे तांत्रिक कौशल्य मिळवले, तर विद्यार्थी म्हणून किंवा कुशल कामगार म्हणून येण्याच्या सरळ वाटा आहेत. त्यांना वेळ लागतो, पण त्या वाटेने आलेल्याला पोलिसांची गाडी दिसली म्हणून खाचरात लपावे लागत नाही.

प्रश्न : आमची मुलगी ग्वांगजूला शिकायला येणार आहे आणि सुट्टीत ग्रामीण भागात फिरणार आहे. आम्ही शाकाहारी आहोत. तिचे खाण्याचे कसे होईल? (एक वाचक, पुणे)

अडचण मांसाच्या तुकड्यांची कमी आणि न दिसणाऱ्या माशाची अधिक आहे. पातळ भाज्यांचा आणि शेवयांचा रस्सा बहुधा म्योल्ची या सुक्या मासळीच्या पाण्यात शिजवतात, आणि नेहमीच्या किमचीत खारवलेली कोलंबी किंवा मासळी मुरवलेली असते. ‘मांस नको’ असे सांगितल्यावर लोक प्रामाणिकपणे मांस काढून देतात. मासळी त्यांच्या लेखी मांसात मोडत नाही. म्हणून ‘गोगी’, म्हणजे मांस, नको एवढ्यावर थांबू नये. ‘म्योल्ची’ आणि ‘जोत्कल’ (खारवून मुरवलेली मासळी) हे शब्दही मुलीला पाठ करायला लावा.

जोल्लाच्या बाजारांत मात्र तिचे हाल होणार नाहीत. पाट नावाचे लाल कडधान्य शिजवून, वाटून, गाळून केलेल्या दाट रसात गव्हाच्या जाड शेवया घालतात. त्याला पाट-खाल्गुक्सू म्हणतात आणि येथील लोक त्यात साखर घालून खातात. पहिला घास घेतला तेव्हा मला कटाची आणि पुरणाची एकदम आठवण झाली. उन्हाळ्यात सोयाबीनच्या थंड दुधातील शेवया मिळतात. वसंतात रानभाज्यांची चंगळ असते. सासूबाई मार्चमध्ये होमी घेऊन बांधावर बसतात आणि नेंगी, ताल्ले, सुक अशी पाने गोळा करतात. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा आणि कुर्डू शोधत बायका रानात जातात, अगदी तशाच.

मठांतील जेवणाची तिला विशेष ओळख करून द्या. कोरियन बौद्ध मठांत मांस-मासळी तर नसतेच, पण लसूण, पात यांसारख्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य असतात. आपल्या घरी चातुर्मास पाळत असाल तर आजीला हे जरूर सांगा. मठात एक रात्र राहण्याची सोय २००२ च्या विश्वचषक फुटबॉलच्या निमित्ताने परदेशी पाहुण्यांसाठी सुरू झाली आणि ती ह्वाओमसासह अनेक मठांत आजही आहे. पानात घेतलेले टाकायचे नाही, एवढा नियम मात्र कडक आहे.

आमच्या घरी नोव्हेंबरअखेर किमजांग, म्हणजे हिवाळ्याच्या किमचीचा घाट असतो. रात्रभर मिठात ठेवलेल्या कोबीच्या पानापानांत लाल मसाला चोळत आम्ही दहा-बारा बायका दिवसभर बसतो. २०१३ मध्ये युनेस्कोने या प्रथेला वारशाच्या यादीत घेतले. पहिल्या वर्षी मी मासळी खात नाही हे कळल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. मसाल्यात जोत्कल मिसळण्याआधी त्यांनी एक वाडगा बाजूला काढला आणि त्या मसाल्याची किमची वेगळ्या बरणीत भरली. आता दरवर्षी ती बरणी आधी भरली जाते.

प्रश्न : जावयांच्या जहाजबांधणीच्या नोकरीमुळे मुलगी कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहान गावात राहते. ती म्हणते, गावात कोणी बोलत नाही. म्हाताऱ्या बायका टक लावून पाहतात आणि वय विचारतात. फोनवर रडते. मी तिला काय सांगू? (एक आई, नाशिक)

ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण माझी आईही अशीच फोनच्या दुसऱ्या टोकाला होती.

वय विचारण्याचा राग मानू नये, हे आधी सांगते. आपल्याकडे समोरच्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’ हे ठरवल्यावाचून जसे वाक्य पुरे होत नाही, तसे कोरियनमध्ये वय कळल्याशिवाय क्रियापदाचा शेवट ठरत नाही. त्या आज्यांना तिच्याशी बोलायचे आहे, म्हणूनच त्या वय विचारतात. दुसरा प्रश्न बहुधा ‘जेवलीस का?’ असा येतो. ती विचारपूस असते, आणि नाशिककडच्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगायला नको.

प्रत्येक गावात एक मावल-ह्वेग्वान, म्हणजे गावचे सभागृह असते आणि त्यातच किंवा शेजारी क्योंगनोदांग ही ज्येष्ठांची खोली असते. तेथील जमीन खालून तापवलेली असते. घरी एकटीसाठी बॉयलरचे तेल जाळण्यापेक्षा हिवाळाभर बायका तेथेच एकत्र बसतात, एकत्र जेवतात. मुलीला सांगा, दुपारी बाराच्या आधी तेथे जावे, बूट बाहेर काढावेत, वाकून नमस्कार करावा आणि काकड्या चिरायला बसावे. हातात रिकामी पिशवी नसावी. दोन संत्री असली तरी चालतात. बोलता न येणे ही तेथे अडचण ठरत नाही, कारण निम्म्या आज्यांना ऐकू कमी येते आणि उरलेल्या पक्क्या बोलीत बोलतात. आमच्या जोल्लात ‘कोशीगी’ हा एकच शब्द नाव आठवले नाही, सांगायला संकोच वाटला, किंवा सगळ्यांना माहीतच आहे, अशा प्रत्येक प्रसंगी येतो. आपल्या ‘ते आपलं हे’सारखा. पाठ्यपुस्तकात तो कोणी शिकवत नाही, आणि तो पहिल्यांदा योग्य जागी वापरला त्या दिवशी मला सभागृहातील सगळ्यांनी टाळ्या दिल्या होत्या.

गावचा प्रमुख म्हणजे इजांग. सकाळी ध्वनिवर्धकावरून ज्या सूचना ऐकू येतात, त्या त्याच्या असतात : खते आली आहेत, पाणी बंद राहील, अमक्याकडे लग्न आहे. मुलीने आणि जावयांनी जोडीने एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. हे कोणी सांगत नाही, पण न गेलेले लक्षात राहते. जिल्ह्याच्या ठिकाणी कुटुंब केंद्र असते, तेथे परदेशी स्त्रियांना भाषा शिकवतात. माझ्या वर्गात व्हिएतनामी, फिलिपिनो आणि कंबोडियन मुली होत्या आणि पहिली दोन वर्षे त्यांच्यामुळेच मी टिकले. मुलीला आठवड्यातून एकदा तरी तेथे जाऊ द्या, बसला दीड तास लागला तरी.

आणखी एक गोष्ट. येथील जुन्या बायकांना त्यांच्या नावाने कोणी हाक मारत नाही. ज्या गावाहून त्या लग्न होऊन आल्या, त्या गावाच्या नावापुढे ‘देक’ लावतात. नामवॉनहून आलेली ती नामवॉनदेक. आपल्याकडेही सासरी वाईची, मिरजेची अशी ओळख पडतेच. पहिली तीन वर्षे मला सगळे ‘परदेशी सून’ म्हणत. चौथ्या वर्षी लसूण उपटण्याच्या दिवसांत शेजारच्या आजींनी बांधावरून ‘इंदोदेक, चहा झाला’ अशी हाक मारली. भारताहून आलेली, एवढाच त्याचा अर्थ. पण नामवॉनदेक आणि हादोंगदेक यांच्याच ओळीत मला बसवलेले होते. मी उठून उभी राहिले आणि हातातला लसूण तसाच धरून रडले. आपल्या मुलीला चार वर्षे लागतील असे नाही. पण पहिल्या वर्षावरून तिने गावाची पारख करू नये.

प्रश्न : खेड्यात आजारी पडल्यास काय करता? (एक वाचक, कोल्हापूर)

आमच्या भागात सरकारी आरोग्य केंद्राची शाखा आहे. तेथे बहुधा तरुण डॉक्टर असतात; सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी ते ग्रामीण भागात ही सेवा देतात. त्याहून लहान वस्त्यांत परिचारिकेने चालवलेले उपकेंद्र असते आणि ताप-खोकल्याची औषधे तेथेच मिळतात. रात्रीअपरात्री ११९ क्रमांक लावला की रुग्णवाहिका येते आणि तिचे पैसे पडत नाहीत. मोठे रुग्णालय मात्र आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे गृहीत धरूनच येथे राहावे लागते. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला २०१९ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे. हप्ता थकवू नये, कारण व्हिसा वाढवताना तो तपासतात.

प्रश्न : आपले सण तेथे कसे साजरे करता? (एक वाचक, ठाणे)

त्यांच्याच सणांत आपले मिसळतात. येथील सर्वांत मोठा सण चुसॉक हा चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला असतो. काही वर्षी तो आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येतो. २०२५ मध्ये मात्र चुसॉक ६ ऑक्टोबरला होता आणि आपल्याकडे त्याच रात्री कोजागरी होती. आधीचे पंधरा दिवस पुरुषमंडळी डोंगरातील पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत कापतात, शहरातील मुले-नातवंडे परत येतात आणि घरोघरी सोंगप्यॉन होतात. तांदळाच्या पिठाची उकड मळायची, पारी करायची, आत तिळाचे किंवा डाळीचे गोड सारण भरायचे आणि पाइनच्या सुया पसरून त्यांवर वाफवायचे. हे मला कोणी शिकवावे लागले नाही. सुंदर सोंगप्यॉन करणाऱ्या बाईला सुंदर मुलगी होते, अशी येथे म्हण आहे, त्यामुळे सुनांच्या हातांकडे सगळ्यांचे लक्ष असते.

त्या कोजागरीला मी आन्सान शहरातील एका दुकानातून सुके खोबरे मागवले होते. सोंगप्यॉन झाल्यावर उरलेल्या उकडीचे मोदक केले आणि सासूबाईंच्याच भांड्यात, त्याच पाइनच्या सुयांवर वाफवले. चंद्र डोंगरावर आल्यावर आम्ही अंगणातील लाकडी बैठकीवर ताट घेऊन बसलो. सासूबाईंनी एक मोदक तळहातावर घेतला, चष्मा चढवला, आणि खाण्याआधी त्याच्या कळ्या एकेक करून मोजल्या. अकरा होत्या.